निवेदनाची पहिली ओळ

मेहरीन, तू चिडशीलच, तरी सांगते. कोल्हारात नि आसपास लग्न असो की सेवापूर्ती, माइकवर निवेदनाला तूच लागतेस. माझ्या कॉलेजात शिकलीस, पण हे काही मी शिकवलेलं नाही. कार्यक्रमाआधी तू ज्याचा सत्कार त्याच्या घरी जायचीस, चहा घ्यायचीस, बायकोला विचारायचीस, "हे घरात कसे वागतात?" पोस्टमन बजरंगराव स्वतःच्या दारातही सायकलची घंटी वाजवतात, हे तू माइकवर सांगितलंस तेव्हा त्यांची बायको पदरात तोंड लपवून हसली होती.

मग मोबाईलवर एआय आलं. नाव, नोकरी, वर्षं टाकली की दोन पानं तयार. "वेळ वाचतो, बाई." वाचलेल्या वेळात काय केलंस? मोबाईलच बघत बसलीस.

मार्चमध्ये एकाच दिवशी दोन निरोपसमारंभ. सकाळी शिक्षिका, संध्याकाळी वायरमन. दोघांनाही तू मोबाईलातल्या एकाच ओळीनं "सेवेचा अखंड तेवणारा दीप" करून टाकलंस. दोन्हीकडे टाळ्या. तडक माझ्याकडे येऊन ओरडलीस, "एकालाही कळलं नाही, बाई! मग मी मरमर करू कशाला?" तू बसायला तयार नाहीस, अंगणात नुसत्या येरझारा.

शेवटी ठरवलंस, पहिली ओळ तरी आपली. मोबाईल तुझ्या अम्मीकडे, मेहताबभाभींकडे दिलास. त्यांनी तो गव्हाच्या पिंपात खुपसला. चहा उकळायच्या आत तू स्वयंपाकघरात.

"अम्मी, फक्त पहिली ओळ बघते."

"तुझीच ना ती? मग मोबाईलात काय बघायची?"

पिंपात हात घातलासच.

मग घोडेगावच्या आसारामांचा सत्कार आला. जनावरांच्या बाजारातले जुने दलाल, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारे. "बाई, चला ना! त्यांचा हात रुमालाखाली धरून बघायचाय मला." कितीतरी दिवसांनी तुझा असा आवाज ऐकला. बाजाराच्या दिवशी मी पिशवी घेऊन स्टँडवर. गाडी लागली, तुझा पत्ता नाही. फोन केला.

"रागावू नका, बाई. सहज एआयला विचारलं, तर फार छान लिहून दिलंय त्यानं. आता जायची गरज नाही."

"रुमालाचं आहे त्यात?"

"आहे की."

"आणि हात कसा आहे त्यांचा? खरखरीत की मऊ?"

तू म्हणालीस, "पुढच्या बाजाराला जाऊ. नक्की."

सत्कार झाला. टाळ्याही पडल्या. बाजार दर आठवड्याला भरतो, आणि आपण दोघी अजून गेलो नाही.