पाठीवरची चिठ्ठी

ईशानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "दमला ना, मावशी?"

मी भांडी विसळत होते. मी कामाला जायची त्या घरात माझ्या पाठीवर कुणी कधी हात ठेवला नव्हता. मला बरं वाटलं. लाजून म्हणाले, "न्हाई गं, दमायचं काय त्यात."

ती आणि तिची मैत्रीण हसत आत गेल्या. मला वाटलं, त्यांचं त्यांचं काही असेल.

काम उरकून साताऱ्याच्या स्टँडवर आले. कॉलेजच्या पोरी माझ्याकडं बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी पदर सारखा केला. केस चाचपले. एसटीत उभी राहिले तर मागनं कुणीतरी इंग्रजीत काहीतरी मोठ्यानं वाचलं. लोक हसले. मला काही कळलं नाही. ते माझ्याबद्दल होतं हेही कळलं नाही.

घरात पाऊल टाकलं आणि माझ्या लेकीनं, प्रज्ञानं, पाठीवरनं काहीतरी ओढून काढलं. पिवळा, चिकटणारा कागद. तिनं वाचला आणि मुठीत चुरगाळला.

"काय हाय गं?"

"काय न्हाई. कचरा."

"सांग की."

"आई, हात धू. च्या ठेवते."

प्रज्ञा बारावीला होती. एका चांगल्या कॉलेजात जायचं तर आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यात अवघड इंग्रजी शब्द येतात. शाळेच्या पुस्तकात कधी न आलेले. तीच परीक्षा ईशाही देणार होती. तिला शिकवायला दर रविवारी सर घरी यायचे. मी वैनींच्या, म्हणजे ईशाच्या आईच्या, किती दिवस मागं लागले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "बसू दे की तिला. ऐकलं म्हणून आपलं काय जातंय?" प्रज्ञा हॉलच्या दाराबाहेर बसायची, चपलांच्या शेजारी. सर तिला काही विचारत नसत. पण ऐकू यायचं. ईशाकडं त्या शब्दांचं जाडजूड पुस्तक होतं. ते वैनी शनिवार-रविवार प्रज्ञाला घरी न्यायला द्यायच्या. तेवढ्यावर माझी पोर परीक्षेला बसणार होती.

सरांची एक पद्धत होती. अवघड शब्द कागदावर लिहायचा आणि घरातल्या ज्याला तो लागू पडेल त्याला चिकटवायचा. येता-जाता दिसला की पाठ होतो. सगळ्या घरात पिवळे कागद. मिक्सरवर, पडद्यावर, फ्रिजवर. ईशाचे वडील लष्करातनं निवृत्त झालेले. त्यांच्या खुर्चीवर तिनं रागीट माणसासाठीचा शब्द लावला होता. साहेबांनी चष्मा लावून वाचला. "हे काढ," एवढंच म्हणाले. "सॉरी पप्पा," म्हणत तिनं लगेच काढला.

संध्याकाळी भाकरी थापताना मी प्रज्ञाला परत विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"सर्व्हाइल."

"म्हणजे?"

"गुलामागत वागणारी. पुढं पुढं वाकणारी. गेल्या रविवारी शिकवला सरांनी. मला पाठ हाय."

तव्यावरची भाकरी करपली. कुणीच उलटली नाही.

"पुस्तक परत देऊन टाकते मी," प्रज्ञा म्हणाली.

"परीक्षा होऊ दे," मी म्हणाले. "तवर गप बस."

दुसऱ्या दिवशी बोलायचं ठरवून गेले. वाटेत एसटीत मनातल्या मनात वाक्य जुळवलं. वैनी फोनवर होत्या. फोन ठेवल्यावर मी पुढं झाले.

"वैनी, काल ते..."

"काय?"

"फरशी पुसायचं औषध संपलंय."

माझ्या तोंडातनं हेच निघालं. मी पहिल्यापासून अशीच. चार माणसांत नाव विचारलं तरी घशात आवंढा येतो. आटपाडीकडं माझं माहेर. चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात ठेवलं, तेव्हाही मला शाळा सोडायची नाही असं म्हणता आलं नव्हतं. या घरात पहिल्या दिवशी वैनींनी नावाच्या आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "स्वयंपाकाला दुसरी बाई आहे. तुम्ही भांडी आणि फरशी बघा." मला कळलं होतं. मी मान हलवली होती.

त्याच दुपारी ईशा कागद घेऊन आली. "मावशी, जरा वळा ना. फोटो काढायचाय. ग्रुपवर टाकते."

आता मला शब्द माहीत होता. तरी मी वळले. कुणी धरून वळवलं नाही. स्वतःच्या पायांनी वळले. भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसलं. वैनी मागनं हसत म्हणाल्या, "पोरगी अभ्यास करतीय हो. मनावर नका घेऊ."

रविवारी सर आले. मी हॉलच्या कडेला फरशी पुसत होते. सर म्हणाले, "सर्व्हाइलचं वाक्य कर." ईशानं केलं. इंग्रजीच होतं, पण मधे 'मावशी' होतं. सगळे हसले. सरही हसले. मग पहिल्यांदाच ते दाराबाहेर वळून प्रज्ञाला म्हणाले, "तू सांग गं. तुला तर उदाहरण शोधायलाच नको."

प्रज्ञाची मान खाली गेली. कानापर्यंत लाल झाली. तिला उत्तर येत होतं. तरी ती बोलली नाही, कारण गप बस म्हणून मीच बजावलं होतं.

त्या खाली गेलेल्या मानेकडं बघितलं आणि माझ्या हातातलं फडकं सुटलं. मी उठले. आवाज नीट निघाला नाही.

"माझ्यावर शब्द पाठ करायचा न्हाई."

"अहो, काय झालं?" वैनी म्हणाल्या.

"मी भांडी घासाय येते. तुमच्या पोरीचं उदाहरण व्हायला येत न्हाई. सायबांनी काढ म्हटल्यावर काढला तिनं. मी बी सांगते."

मग वैनी हळू आवाजात म्हणाल्या, "एवढं करून हे ऐकायचं? उद्यापासून येऊ नका. आणि पुस्तक ठेवून जा."

प्रज्ञानं पिशवीतनं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. आम्ही चपला घातल्या.

परीक्षा झाली. इंग्रजीचे बरेच प्रश्न तिनं सोडून दिले. ईशाला प्रवेश मिळाला. प्रज्ञाला मिळाला नाही. अन्याय करणाऱ्याचं वाईट होतं असं लोक म्हणतात. मी तर तसं काही पाहिलं नाही. मला दुसरं काम लवकर लागलं नाही. पोरगी पुढच्या वर्षी परत बसणार म्हणते, पण कशाच्या जोरावर, ते तिलाही माहीत नाही.

परवा वैनींचा फोन आला. नवी बाई टिकली नाही.

"झालं गेलं विसरा, मावशी. या परत. आणि हो, ईशाचं ते पुस्तक आता पडूनच आहे. प्रज्ञाला कायमचं घेऊन जा."

प्रज्ञा समोर बसली होती. तिला फोनमधलं ऐकू येत होतं. मला घर दिसत होतं, रिकामा डबा दिसत होता, पोरीचं वर्ष दिसत होतं. नेहमीसारखा आवंढा घशात आला. मी तो गिळला.

"न्हाई," मी म्हणाले.

"विचार करून सांगा."

"केला. न्हाई."

ते पुस्तक आम्हाला पाहिजे. फार पाहिजे. कुठनंतरी आणीन. नाही मिळालं तर माझी पोर त्याच्याशिवाय परीक्षेला बसेल, परत नापास झाली तर परत बसेल. पण त्या घरातनं मी ते आणणार नाही.