बशीरच्या जुन्या डिस्कमधले चेहरे

कुंडलच्या बशीर फोटोवाल्यासारखा हसरा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि गाव दुसऱ्या कुणाला एवढं भ्यालंही नाही. त्याला बघून म्हातारी माणसं रस्ता बदलायला लागली, तेव्हाचं हे सांगतो.

बशीरनं मागं सांगलीहून एक सेकंडहँड डिजिटल कॅमेरा आणला होता. फोटो झकास काढायचा, पण साठवायचा स्वतःच्याच तऱ्हेवाईक फॉरमॅटमध्ये. लग्नं, बारशी, जत्रा, गावाची सगळी तोंडं त्यात. नवा कॉम्प्युटर आला तर तो त्या फाइलींना ओळखच देईना. त्यात जुनी डिस्क टकटक वाजायला लागली. ती कधी बसेल नेम नाही, म्हणून बशीर जुन्या कॉम्प्युटरवर एकेक फाइल उघडून जेपीजी करायला बसला. एकदम सगळ्या घातल्या की ते यंत्र पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं हलायचंच नाही.

मग आधी कुणाच्या घ्यायच्या? ज्यांच्या घरी हार घालायला फोटो लवकर लागेल, त्यांच्या. आकारामचा फोटो केला, पुढच्या बाजाराआधी आकाराम गेला. मागोमाग भाऊसोची आई गेली. चहाच्या टपरीवर कुणीतरी बोललं, "बशीरनं फोटू बदलला, की माणूस सुटला." अरे, तो पिकली पानंच निवडत होता! पण हे ध्यानात घेतो कोण?

मी दुकानात बसलो असताना आप्पासो आला. आम्ही एका शाळेत मार खाल्लेले.

"बशीर, माझ्या फायलीला हात लावलास तर बग!"

"आप्पा, डिस्क मराय लागलीय. पोरीच्या लग्नातला तुमचा एकच धड फोटू हाय."

"डिस्क मरू दे. म्या न्हाई मरत."

"मग आधार कार्डावरचा मोठा करून लावावा लागंल. त्यात तुमी कोंबडीचोर दिसताय."

"चोर तर चोर. जित्ता हाय न्हवं?"

मी हसून हसून खोकलो. डिस्क आपली टकटक करतच होती.

दुसऱ्या दिवशी आप्पासोची बायको अंबूबाई मागच्या दारानं आली. "बशीरभाई, त्येंला सांगू नगा, पर करून ठेवा. अलीकडं त्येंच्या पोटात घास ऱ्हाईना."

बशीर पेचात पडला. त्याचा शब्द मोडावा, की हिचा? माऊसवर हात ठेवायचा आणि उचलायचा. असं करता करता एका सकाळी कॉम्प्युटर लावला, तर टकटक बंद. सांगलीच्या दुरुस्तीवाल्यानंही "गेली" म्हणून मान हलवली.

आप्पासोनं पेढे वाटले. "यमाकडं आता माझा फोटू न्हाई गड्या!" पेढा देताना त्याचं मनगटावरचं घड्याळ घसरून कोपराकडं गेलं. मी पेढा हातातच धरून राहिलो.

दिवाळी झाली आणि त्यानं अंथरूण धरलं. अंबूबाईनं बशीरला बोलावलं, तेव्हा मी तिथंच होतो. बशीर कॅमेरा टॉवेलात गुंडाळून दारात उभा राहिला. आप्पासोनं ओळखलं. आता झणझणीत शिवी येणार म्हणून मी वाट बघितली. आली नाही.

"ये," तो म्हणाला. "दोगांचा काढ. तिचा बी न्हाई कुठं."

आम्ही त्याला उशीला टेकवून बसवलं. अंबूबाई पदर सारखा करून शेजारी बसली. बशीरनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. "वहिनी, जरा बाजूला सरका. अजून थोडं." जोडीच्या फोटोतून एकाला कापून हाराची फ्रेम करण्यात त्याचा जन्म गेलेला. तोंड आपोआप बोलून गेलं. दोघांच्या मधे हातभर जागा झाली.

आप्पासो त्या जागेकडं बघत राहिला. "एवढी कशाला रं? कापाय सोपं जावं म्हून?"

बशीर टॉवेलाच्या टोकानं कॅमेऱ्याची काच पुसायला लागला.

"सरक गं हिकडं," आप्पासो म्हणाला. अंबूबाईचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. मग त्यानं कॅमेऱ्याकडं तोंड केलं.

"आता काढ. आनि कापशील तवा तिचा खांदा ऱ्हाऊ दे."