शेवंताक्का आणि बाहेरचं नाक

हवेत विजेच्या लांब ठिणग्या सोडणारी टेस्ला कॉइल सुरू करण्याआधी शेवंताक्का एका माणसाला दाराबाहेर उभं करायच्या. दर पाच मिनिटांनी त्यानं आत येऊन वास घ्यायचा. ठिणग्यांनी खोलीत ओझोन वायू साठतो, तो छातीला झोंबतो. "आतल्याचं नाक सरावतंय, त्याला कळत न्हाय. भाईरचं नाक खरं बोलतंय." तिखट वास आला की यंत्र बंद, खोली रिकामी. यातून पाहुण्यांचीही सुटका नसे.

मंगळवार पेठेत आक्कांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरून देण्याचं दुकान. यजमान गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं. त्यांनी बांधलेली पंपाची मोटार परत दुरुस्तीला आली नाही, असं कुणी म्हटलं की मीच उगाच छाती काढायचो. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. कॉइलची हौस माझी. पण तिच्या तारेचे हजारभर वेढे, एकावर एक न चढवता, आक्कांनी घातले. "पुस्तक तुमचं, बोटं माझी," म्हणायच्या.

एकदा शाळेच्या प्रदर्शनासाठी मी दुकानातल्या खोलीत कॉइलचं मोबाईलवर चित्रीकरण करत होतो. पंख्याच्या घरघरीत ठिणगीचा कडकडाट नीट येईना. आक्का पाठमोऱ्या, कानात कापूस. मी हवा बाहेर फेकणारा पंखा बंद केला, खिडकी लोटली. त्या दिवशी बाहेरचं नाक मीच होतो, पण नादात आतच राहिलो. मधेच त्यांनी ओरडून विचारलं, "सर, वास?" माझा घसा खवखवत होता. मी नकारार्थी मान हलवली.

काम संपल्यावर त्यांना पंख्याचं बटण बंद दिसलं. आक्कांना दम्याचा जुना त्रास. संध्याकाळी छाती आवळली, तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांना म्हणाल्या, "पंखा लावायचा मीच इसरलो." मी खाटेशेजारी उभा होतो. औषधांची चिठ्ठी घेऊन मी निघालो.

प्रदर्शनात मुलांपुढेही त्यांनी तेच सांगितलं, स्वतःची चूक म्हणून, न लाजता. मग दुकानाचं शटर ओढलं. गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "ध्यान ऱ्हाईत न्हाय आता. माझ्या चुकीनं पंपावर शॉक बसून कुणाचा तर जीव जायाचा." घातलेले वेढे पाच-पाच वेळा मोजणारी ही बाई. वर्षभर घरात बसली, आणि मी रोज त्या बंद शटरवरून शाळेत गेलो.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. आक्का मेथी निवडत होत्या. हात थांबले.

"म्हंजे पंखा मी लावल्याला?"

"हो."

"नक्की?"

"मीच बंद केला, आक्का. खिडकीसुद्धा."

त्या स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या.

"वरीसभर मला येड्यात काढलासा की, सर." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. माफीचं मी काही बोलणार, तोवर त्या पदराला हात पुसत उठल्या. खुंटीवरची दुकानाची किल्ली काढली.

"चला. शटर गंजलं असंल. एकटीला उचलायचं न्हाय."