ड्राफ्टिंगचं शांत कॉलेज

"आई, हेच कॉलेज घेऊ ना?" माझी मुलगी मनीषा पुन्हा पुन्हा विचारत होती. मी दारातच उभी. आत पोरं कम्प्युटरपुढे बसलेली, पण खोलीत आवाज म्हणून नाही.

"हितं काम बंद हाय," मी हळूच म्हटलं. "चल."

तेव्हा मी धामणकर नाक्याजवळच्या यंत्रमागाच्या कारखान्यात कांडी भरायचे. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती नळी. मशीनवर तिच्यावर सूत गुंडाळायचं. आमच्याकडे आवाज थांबला की समजायचं, लाइट गेली नाहीतर सूत संपलं. शिफ्ट फुकट. शांत जागेचा मला भरवसाच वाटत नसे.

मनीषाला ड्राफ्टिंगचा डिप्लोमा करायचा होता. यंत्राचा भाग किंवा इमारत बनवण्याआधी त्याचं मापासकट चित्र काढतात, ते काम. दोन ठिकाणी नंबर लागला होता. दुसऱ्या कॉलेजात वर्कशॉप धडधडत होतं, मला तेच आवडलं. पण तिथे कम्प्युटर थोडे, पोरं पाळीने बसायची. मनीषा हे सांगत होती, मी ऐकत नव्हते. दुसऱ्या दिवशी सीट पक्की करायची होती. घरी येऊन ती जेवलीही नाही.

सकाळी शेजारच्या मशीनवरच्या शकीलाआपांना सगळं सांगितलं. लूमच्या खटखटाटात ओरडूनच बोलावं लागायचं.

"क्या? आवाज नहीं तो काम नहीं?" आपा हसत सुटल्या. "बैंक में कौन सा लूम चलता है री?"

"पण आपा, मशीन एक बी न्हाय दिसली."

"तेरी लड़की मशीन चलाएगी कि नक्शा बनाएगी?"

सीट पक्की करायला आजच जायला हवं होतं. सुट्टी मागायची मला लाज वाटायची. आपांनीच मुकादमाला हाक मारली, "इसकी बेटी का एडमिशन है, जाने दो!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली मान घालून बाहेर पडले.

मनीषाला घेऊन पुन्हा पहिल्या कॉलेजात गेले. या वेळी त्या शांत खोलीत ती एका मुलीशेजारी जाऊन बसली. दोघी स्क्रीनवरच्या चित्राबद्दल बोलत राहिल्या. मी आले आहे हे ती विसरूनच गेली.

"घे हेच," मी म्हटलं.

आज ती वडप्याच्या एका ऑफिसात गोदामांचे नकाशे काढते. आमचा कारखाना भंगारात गेला, आपा गावी गेल्या. दुपारी घर शांत असतं, तेव्हा त्यांची फार आठवण येते. तसं ओरडून बोलणारं आता कोणी नाही.

कॉलेज बघायला आईने जरूर जावं. पण ज्याला तिथे शिकायचंय, त्याला आधी आत जाऊ द्यावं.