माहिती कुठं ठेवायची?

मोंढ्यात आलेलं धान्य संध्याकाळपर्यंत उठतं. किस्से मात्र पडून राहतात. त्यांना गिऱ्हाईक नाही अन् भुंगाही लागत नाही. केजच्या आमच्या मोंढ्यात नवे नवे कम्प्युटर आले, त्या वर्षांचे तर माझ्याकडं थप्पीनं पडलेत. बहुतेक नागनाथअप्पाचे.

अप्पा आमच्यासारखाच अडत्या. पुस्तकं वाचून वाचून त्यानं शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापणारा प्रोग्राम लिहिला आणि आम्हा सगळ्यांना फुकट वाटला. नुसता प्रोग्राम नाही, आतला कोडसुद्धा उघडा! "ज्याला जसा पाहिजे तसा बदला," म्हणाला. अडलं की आम्ही अप्पाला हाक मारायचो.

मग अप्पाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आवाज राहणार नाही. अप्पा माझ्या गादीवर येऊन बसला. "मी बोलायलोय तवर प्रोग्रामची सगळी माहिती कुठंतरी ठेवली पाहिजे. कुठं ठेवू, सांगा."

* * *

पहिल्यांदा त्यानं ती प्रोग्रामच्या आतच ठेवली. एक बटण दाबलं की पडद्यावर सगळं मराठीत हजर! आम्ही खूश.

आठ दिवसांनी शेजारचे बाबूराव बोंबलत आले. "अप्पा, प्रोग्राम चालू व्हईना!"

"मग माहिती वाचा की."

"माहिती आतच हाय न्हवं! पेटीची किल्ली पेटीतच ठेवली का बे तू?"

अप्पा हसला. हसताना घसा धरला.

* * *

मग कागद. प्रिंटर दिवसभर करकरला, टाचण्या मारून दुकानोदुकानी गठ्ठे गेले. "लई झाक काम केलं," म्हणून सगळ्यांनी ते कपाळाला लावले.

महिन्याभरानं आम्ही दोघं स्टँडवर भजी खात होतो. अप्पा एकदम खायचा थांबला. पुडीच्या तेलकट कागदावर छापलेलं होतं : 'छपाईआधी कागद सरळ करा.'

मी विचारलं, "कुणाचा गठ्ठा असंल?"

"भजी गरम हाय तवर खा," अप्पा म्हणाला.

* * *

समोरच्या दुकानातल्या रशीदभाईंनी तोड काढली. "भिंतीवर लिवा! भिंत काय रद्दीत जाती का?" पेंटर बोलावला. फाटकाजवळच्या भिंतीवर हातभर अक्षरात सगळ्या सूचना आल्या. लोक जीप थांबवून वाचायचे.

पण कोड उघडा होता ना! मी माझी बटणं बदलली, बाबूरावांनी त्यांची, रशीदभाईंनी तर तोलाईचा हिशोबच उलटा मांडला. भिंतीवरचं कुणालाच लागू पडेना. ऑपरेशन जवळ आलेलं. अप्पा भिंतीसमोर उभा राहिला. आवाज तोवर घोगरा झाला होता.

"भिंत खोटं बोलायली राव."

"पुसू का?" पेंटरनं विचारलं.

"राहू दे. निवडणूक आली की आपोआप पुसंल."

अन् पुसली की! वरून हात जोडलेला उमेदवार आला.

* * *

दवाखान्यात जायच्या आधी अप्पानं कॅसेट भरली. घरी बसून, टेपसमोर. कुठल्या दुकानात काय बदललंय, तेसुद्धा एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. "तुमी वाचत तर न्हाईत," कॅसेट माझ्या हातात देत म्हणाला, "ऐका तरी."

ऑपरेशन झालं. आवाज गेला. पुढची तूर बाजारात यायच्या आत अप्पाही गेला.

* * *

त्याच तुरीच्या दिवसांत माझं मशीन अडलं. मी टेप लावला. अप्पा सांगू लागला, मी बटणं दाबू लागलो. तेवढ्यात दारात वहिनी. अप्पाच्या मंडळी. शेतातली तूर घेऊन आल्या होत्या.

मी घाईनं बंद करायला गेलो.

"चालू द्या, भावजी," म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. पदर सारखा केला.

"...आता कागद नीट बसलाय का बघा. घाई करू नका. मग..." अप्पाला ठसका लागला. बराच वेळ लागला. मग घोगऱ्या आवाजात, टेपपासून तोंड फिरवून : "अगं, पाणी आण बरं जरा."

वहिनी उठल्या. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी तांब्या भरला.