तांबड्या दगडासमोर मंडळींचा फोटो

ये गं बये, अशी जवळ ये. जवळ ये म्हणते खरी, पण तू तिकडे अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला, आणि मी इथे अल्फारेटाला. तेव्हा या कागदालाच जवळ घे आणि तो फोन जरा पालथा ठेव. वाळलीस की भरलीस, तेही मला कळत नाही. व्हिडिओत तुझं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो. आजी क्रूझला जाऊन आली, तिला चार शब्द विचारायला तुला सवड नाही. "हाऊ वॉज इट, आजी?" म्हणालीस, मी तोंड उघडलं, आणि तुझी मीटिंग सुरू झाली. म्हणून लिहिते. बोट लावून, अक्षर जोडून वाचतेस, ठाऊक आहे मला, मीच शिकवलंय. मोठ्या अक्षरात लिहिलंय. आता उठायचं नाही.

तू तिसरीत होतीस तेव्हाचं तुला आठवतंय का, सांग. माझी शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. इंग्रजी मी शिकले ती तुझ्या लायब्ररीच्या पुस्तकांवर. तू मोठ्यांदा वाचायचीस आणि मी बोट फिरवायची. बदल्यात तुला बाराखडी. त्यात ते माया लोकांचं पुस्तक आलं, आणि शाळेनं त्यांच्या देवळाचा पिरॅमिड करून आणायला सांगितलं. आपण बुटांच्या खोक्यांच्या पट्ट्या कापून पायऱ्या केल्या, कणकेची खळ शिजवून त्यावर कागद चिकटवले. इथवर आपलं गोडीगुलाबीनं चाललं. मग आला रंग.

मी म्हटलं, तांबडा. तू म्हणालीस, "आजी, स्टोन इज ग्रे! लुक ॲट द पिक्चर!" मी म्हटलं, फोटो आत्ताचा आहे. ज्यांनी एवढं देऊळ उभं केलं ते त्याला उघडं ठेवतील का? आमच्या गावच्या देवळाच्या पायऱ्यांना दर वर्षी काव द्यायचे, तांबडीलाल. देवाच्या पायऱ्या कोरड्या कुणी ठेवतं का? तू भोकाड पसरलंस. तुझी आई तुझ्या बाजूनं. पिरॅमिड राखाडी झाला. आणि तू डोळे पुसत मला म्हणालीस, "वुई विल गो अँड सी. देन यू विल नो."

आता हे तू विसरलीस. मी नाही विसरले.

म्हणून इथल्या आपल्या मराठी मंडळाची क्रूझ निघाली आणि त्यात एक दिवस माया लोकांच्या अवशेषांचा आहे असं कळलं, तेव्हा मीच तुझ्या बाबाच्या मागे लागले. चौघांचं बुकिंग झालं. तुझी माझी एक खोली. आणि दोन आठवडे उरले असताना तू कॅन्सल केलंस. काहीतरी लाँच होतं म्हणे. झालं का ते? मी म्हटलं, ठीक, मी एकटी जाऊन बघते. मला बोट नको होती, समुद्र नको होता. मला त्या दगडाचा रंग बघायचा होता, बस.

आणि त्यासाठी कुठे चढावं लागलं म्हणतेस? बोट कसली, तरंगता मॉल! सकाळी डोळे उघडायच्या आत लोक ताटं घेऊन उभे. एकेका ताटात आमच्या लग्नाच्या पंगतीएवढं, आणि निम्मं टाकायचं. आपली मंडळी तर बुफेच्या एका कोपऱ्यात घरून आणलेली लोणच्याची बाटली मध्ये ठेवून बसायची. साऱ्या जगाचा स्वयंपाक समोर मांडलेला, आणि यांची तक्रार काय, तर कशालाच फोडणी नाही. तुझा बाबा वाय-फाय कुठे चांगलं लागतं ती खुर्ची शोधून लॅपटॉप घेऊन जो बसला तो उठलाच नाही, आणि तुझी आई त्याच्या शेजारी डोळ्यांवर टोपी घेऊन झोपली.

तेव्हा मला मंडळाच्या काकांच्या हवाली केलं. तेच ते, गणपतीत माइक सोडत नाहीत ते. आदल्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाले, "मावशी, बोटीची टूर म्हणजे मेंढरांचा कळप. ते नेतील तिथे जायचं, शिट्टी वाजली की परत. आपण इंडिपेंडंट जाऊ. मी व्हॅन ठरवलीये. आपल्या वेळेनं, आपल्या पद्धतीनं."

मला बरं वाटलं. आपली पद्धत म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं.

सकाळी बघते तर सगळे भगव्या टीशर्टात, पाठीवर मंडळाचं नाव. मलाही एक दिला. मी तो लुगड्यावर काय घालू? खांद्यावर टाकला. बोटीवर सारखं सांगत होते, इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये, की खाण्याचं काही किनाऱ्यावर नेऊ नका. पण त्या दिवशी होती संकष्टी आणि निम्म्या बायकांचा उपास. काकांच्या काकूंनी थेट अल्फारेटाहून राजगिऱ्याचे लाडू आणि उपासाचा चिवडा आणलेला, तो त्या खोलीत ठेवतात होय! धक्क्याच्या टोकाला एक शिपाई कुत्रा घेऊन उभा. शांत, शहाणं कुत्रं. ते आलं आणि काकूंच्या पिशवीपाशी मांडी घालून बसलं.

"शूः! हट! अगं बाई, हा बसलाच की!" काकू.

काका पुढे झाले. "सर, रिलिजियस फूड. प्रसाद. व्हेरी होली."

आता सांग मला, ज्याचा अजून नैवेद्यच झाला नाही तो प्रसाद कसला? शिपायानं ऐकून घेतलं आणि डबा पिंपात उपडा केला. मग मंडळी त्या पिंपाभोवती अशी उभी राहिली, जणू घरातलं माणूसच गेलंय. एकीनं तर वाकून पाहिलं, वरचे काही लाडू घेण्यासारखे आहेत का. तिच्या घरात तीन गाड्या आहेत हो.

व्हॅन निघाली. चालवणारा भला माणूस, बोलायला कमी. तो सरळ रस्त्याला लागतो न लागतो तोच काका ओरडले, "वेट, वेट! फर्स्ट फूड!" काकूंना उपाशी राहिलं की ॲसिडिटी होते. आणि ज्यांचा उपास नव्हता त्यांना वरणभात आठवला. कुणीतरी कुठल्याशा ग्रुपवर लिहिलं होतं, गावात इंडियन रेस्टॉरंट आहे. तो भला माणूस हात करून दाखवतोय, "रुइनास, दॅट वे," म्हणजे ते अवशेष तिकडे, आणि काका म्हणताहेत, "येस येस, बट फर्स्ट, डाळ." आम्ही उलटे फिरलो. परदेशात पाऊल टाकलं आणि पहिलं काम काय, तर डाळ शोधणं.

रेस्टॉरंट बंद पडलेलं. पाटीवरचा हत्ती तेवढा शिल्लक होता, आत पाणबुडे लोकांच्या नळ्या आणि चष्मे विकायला. मग आणखी फिरलो. शेवटी रस्त्याकडेला एका बाईचं खाण्याचं दुकान दिसलं. काकांनी तिची उलटतपासणी घेतली.

"नो मीट? नो फिश? नो एग? आणि ते राजम्यात... अहो, ते डुकराचं तुपासारखं काय असतं?"

"मला कशाला विचारता?" काकू म्हणाल्या. "आणि बटाटा कशात तळलाय ते आधी विचारा. त्याच कढईत नको!"

ती बिचारी हसतेय, मान हलवतेय, तिला एक अक्षर कळत नाहीये. मी आत डोकावले. तव्यावर मक्याच्या भाकऱ्या फुगत होत्या. मी बोटानं दाखवलं. तिनं दोन दिल्या, मीठ, हिरवी मिरची, पपई कापून दिली. काय गोड लागली गं भाकरी! मंडळी नाक मुरडून म्हणे, "भाकरीच की ही. हिच्यासाठी एवढ्या लांब आलो?" म्हणाले आणि तीन तीन हाणल्या. काकूंनी तेवढी पपई घेतली, आणि ती आधी घरून आणलेल्या पाण्यानं धुतली.

माझा जीव खाली-वर. मी म्हटलं, "अहो, पिरॅमिड?"

काका दात कोरत म्हणाले, "मावशी, तो शेकडो वर्षं उभा आहे, पळतोय कुठे?"

"तो नाही पळणार," मी म्हटलं, "बोट पळेल."

त्यावर मात्र सगळे उठले. पिरॅमिडसाठी कुणी उठलं नसतं.

पोचलो तेव्हा काकांनी जाहीर केलं, "टाइम अजिबात नाही, पटापट बघून घ्या." पटापट! भाजी घ्यायला आलोय का? झाडीतून वाट जात होती आणि वळणावर तो एकदम समोर आला. काय सांगू तुला. आपण खोक्यांचा केला ना, अगदी तसाच, पायरीवर पायरी, फक्त वर बघताना मान दुखावी एवढा. मी काठी टेकून उभीच राहिले.

आणि माझ्या कानाशी काय? "एवढंच?" "वर चढू देत नाहीत? मग बघायचं काय?" एक गृहस्थ, मोठ्या कंपनीतून रिटायर झालेले, म्हणतात, "आपल्या वेरूळपुढे हे काहीच नाही हो."

मी विचारलं, "केव्हा गेला होता वेरूळला?"

"शाळेच्या ट्रिपला... नाही, तेव्हा मला कांजिण्या आल्या होत्या."

यांनी ना वेरूळ पाहिलं, ना हे. दोन्हींची तुलना मात्र तोंडपाठ.

इतक्यात काकांना संकष्टी आठवली. पायथ्याशी उभं राहून त्यांनी आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा!" आणि मंडळी ओरडली, "मोरया!" पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली, आणि झाडांवरून कुणीतरी यांच्याहून दुप्पट आवाजात ओरडलं. माकडं होती. मी म्हटलं, चला, इथलीही मंडळी जमली.

पण खरं सांगू? मी त्या वेळी हिरमुसलेच होते. कारण समोर सगळा दगड राखाडी. वरपासून खालपर्यंत तुझ्या फोटोसारखा राखाडी. म्हटलं, पोरगी जिंकली. एवढा समुद्र ओलांडून मी काय पाहिलं, तर माझी हार. मग मंडळी सेल्फीत गुंतली तशी मी हळूहळू बाजूनं मागे गेले. तिथे एका कोपऱ्याला गवताचं छप्पर घातलेलं, आपल्याकडे गोठ्याला असतं तसं. मला वाटलं, बसायला सावली असेल. तर आत दोरी बांधलेली, आणि दोरीपलीकडे जुन्या गिलाव्याचा तुकडा.

तांबडा. फिकट झालेला, जागोजाग उडालेला, पण तांबडा! पावसानं उरलासुरला जाऊ नये म्हणून वर छप्पर. शेजारी पाटी होती. मी बोट फिरवत वाचली, तुझ्याबरोबर वाचायची तशीच. हा मूळचा रंग, सगळं देऊळ असंच तांबडं होतं, असं लिहिलेलं. दोनदा वाचलं. मग मी एकटीच हसत सुटले. पहारेकरी बघायला आला, म्हातारीला ऊन लागलं की काय.

आता पुरावा नको का तुला? मी काकांना हाक मारली, माझा फोन दिला. म्हटलं, "एवढा रंग काढा हो फोटोत."

"चला चला, मावशींचा फोटो!" काकांनी सगळ्यांनाच हाक घातली. हां हां म्हणता भगवे टीशर्ट दोरीपुढे ओळीनं उभे. फोन त्या व्हॅनवाल्याच्या हातात, आणि काका स्वतः मधोमध.

"अहो, मागचा रंग येऊ द्या!"

"आला, आला मावशी, सगळे आले."

"माणसं नकोत मला, नुसता दगड काढा."

"माणसांशिवाय फोटो कशाला?" काका म्हणाले. "दगड गूगलवर मिळतील. हसा!"

आणि लगेच, "चला, बोट!" म्हणून पळत सुटले. बोट मिळाली, चिंता करू नकोस. बाबानं विचारलं, "कसं होतं?" मी म्हटलं, "तांबडं होतं." तो "गुड, गुड" म्हणाला आणि परत त्या लॅपटॉपमध्ये गेला.

तो फोटो मी तुला पाठवला. त्यात एक मोठा भगवा पट्टा आहे, आणि जिथे तांबडा रंग होता तिथे काकांचं पोट आहे. तू उत्तर काय पाठवलंस? एक हृदय, आणि "क्यूट टीशर्ट्स!" अगं, टीशर्टांसाठी का मी ती वरात सोसली?

गूगलवर शोधते म्हणशील. शोध, आणि माझ्यावर उपकार केलेस असं समजू नकोस. आपण तो पिरॅमिड हातानं केला होता, भांडण समोरासमोर झालं होतं, आणि तूच म्हणाली होतीस, जाऊन बघू. मी बघून आले. आता ते तुझ्या तोंडावर सांगितल्याशिवाय मला झोप नाही.

गॅरेजच्या फळीवरून मी तो खाली काढायला लावलाय. एक पायरी दबलीये, बाकी खळ अजून पक्की आहे. जेवणाच्या टेबलावर मांडलाय, तुझी आई कुरकुरतेय, कुरकुरू दे. इंडियन स्टोअरमधून गेरू आणून ठेवलाय. मी एकटी लावणार नाही हं. राखाडी तू फासलंस, तांबडा तुझ्याच हातानं लागू दे. थँक्सगिव्हिंगची वाट बघू नकोस, तेव्हा काका जेवायला येणार आहेत. त्याच्या आधी ये. लवकर ये गं, बाळा.