देवीच्या ओटीआधी

बाळ झाल्यावर देवीची ओटी भरायची, असं सासूबाई मला दिवस गेले तेव्हाच बोलल्या होत्या. बाळ दीड महिन्याचं झालं आणि आम्ही दोघी खण-साडी घ्यायला गुलमंडीच्या बाजारात गेलो. सकाळपासून त्याचं अंग गरम लागत होतं. दूधही धड घेतलं नव्हतं. उन्हामुळं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. नवसाच्या कामात खोडा घालायला माझी जीभ रेटत नव्हती.

दुकानात शेजारी बसलेली बुरख्यातली एक बाई बाळाकडं एकटक बघत होती. "बच्चा दूध पिया क्या?" तिनं विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिनं त्याच्या तळपायाला हळूच टिचकी मारली. ते नुसतं कण्हलं, डोळे उघडले नाहीत.

"मेरे बच्चे को ऐसाच हुआ था. इत्ते छोटे को बुखार आया तो घर में नक्को रखो. सीधा दवाखाने लेके जाव."

मी घाबरून सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी हातातली साडी खाली ठेवली. "देवी कुठं पळून जात नाय. ऊठ."

रिक्षात बाळ माझ्या मांडीवर मलूल पडून होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरी औषध देऊन वाट बघायची नसते. बरं झालं, लगेच आणलंत." रक्त, लघवी आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला बाळाला आत नेलं. दार लागलं आणि माझे हात रिकामे झाले. आजवर देवीपुढं उभी राहिले ती काही ना काही मागायलाच. तेव्हा मागणंही सुचेना. "आई, तुझंच आहे, तूच बघ," एवढंच मनात आलं.

लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात गेला होता; मेंदूपर्यंत पोचला नव्हता. शिरेतून औषधं सुरू झाली, ताप उतरला. मग एका सकाळी बाळ भुकेनं असं रडलं की वॉर्डातल्या बायका हसायला लागल्या. मी त्याला पदराखाली घ्यायला गेले, तर सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "थांब गं जरा. रडू दे, लई गोड वाटतंय."

ओटी आम्ही नंतर सावकाश भरली. त्या बाईचं नाव मात्र विचारायचं राहून गेलं. तिला कुणी पाठवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. सोपवणं म्हणजे काय, ते मला त्या बंद दारासमोर कळलं. ज्या हातांत लेकरू द्यायला हवं होतं त्या हातांत वेळेवर देण्याची बुद्धी झाली, तीही देवीचीच कृपा मानते, आणि त्याला कुशीत घेऊन निवांत झोपते.